दरपत्रक

वाचन मोफत.
हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. मीच रंगवलंय.
खाली बारीक अक्षरांत बाकीचं:
झेरॉक्स पानाला तीन रुपये,
प्रमाणित प्रत पंचवीस,
संध्याकाळी सहानंतर बसायचं तर तासाला चाळीस,
निवाडा शोधून देणे अडीचशे,
तातडीने पाचशे.

अनुदानात त्या वर्षी
कसरीचं औषधसुद्धा बसलं नव्हतं.
समितीच्या बैठकीत डिमेलो वकील म्हणाले,
"पुस्तकं विकू नका, घाई विका.
फोर्टात घाईला गिऱ्हाइकांची वाण नाही."
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, ठराव मात्र झाला.

तेव्हापासून आम्ही घाई विकतो.
सॉलिसिटरांची पोरं येतात,
काउंटरवर हेल्मेट ठेवून चिठ्ठी पुढे करतात.
मी कार्बन सरकवतो, पावती फाडतो,
आणि पंखे फिरत राहतात.
टेबल क्रमांक चारवरचा दिवा
कुणाच्या तरी गेल्या वर्षीच्या तातडीवर जळतो.

त्या दिव्याखाली बुधवारपासून बसतेय
अन्वरी मुकादम, माझगावची.
डब्याच्या पिशवीत नोटीस, चार घड्या घातलेली.
मावशी रमजानच्या आधी गेली.
खोली मावशीच्या नावावर,
हिच्या नावावर नुसतं तिथं राहणं, एकोणीस वर्षांचं.
भाडे नियंत्रण कायदा तिनं स्वतः मागून घेतला.
कलम सात, पोटकलम पंधरा.
ओळीखाली बोट, ओठ हलताहेत.
कुटुंबातलं माणूस, मरतेवेळी सोबत राहणारं, इथवर आली
आणि मला विचारलं,
"भाची कुटुंबात धरतात का हो?"

त्या पुस्तकात याचं उत्तर नाही.
ते वर आहे, पोटमाळ्यावर, निवाड्यांच्या खंडांत,
आणि त्या जिन्याची किंमत
माझ्या पाठीमागच्या फलकावर लिहिलेली आहे.
मी म्हणालो, वाचन मोफत आहे.
ती म्हणाली, "पण काय वाचायचं, ते?"

एकदा भरले होते मी खिशातून, एका म्हाताऱ्यासाठी.
दुसऱ्या दिवशी तसलेच सात जण उभे.
माझा पगार सात जणांचा नाही.

शुक्रवारी पावणेचारला एक हेल्मेट.
चिठ्ठीत: भाडेकरूचा मृत्यू. भाची, पुतणी वगैरे.
'कुटुंब' शब्दाचा अर्थ. अर्जंट.
मी दोनदा वाचली.
कोणाच्या बाजूनं ते चिठ्ठीत नसतं,
आणि मी विचारत नाही.
जिना चढलो. पाच खंड उतरवले.
धूळ, गुडघे, डांबरगोळ्यांचा वास.
पाचशे, अधिक चौसष्ट पानं.
सहाशे ब्याण्णवची पावती घेऊन पोरगा गेला.

नियम सहा: वापर झाल्यावर ग्रंथ जागेवर ठेवावेत.
किती वेळात, ते नियमात नाही.
मी पाचही खंड टेबल चारवर नेऊन ठेवले,
पानांतल्या खुणेच्या चिठ्ठ्या तशाच राहू दिल्या.
बोललो काही नाही.
बोलण्याचे अडीचशे.

बराच वेळ तिनं हात लावला नाही.
मग पहिली चिठ्ठी दिसली असावी.
तिसऱ्या खंडात निकाल तिच्या विरुद्ध आहे,
झेरॉक्स काढताना वाचला होता मी.
चौथ्यात एक फट आहे, बारीक,
पुरेल की नाही ते मला सांगता येणार नाही,
अडीचशे घेऊनही.

सहाला ती उठून काउंटरपाशी आली.
चाळीस रुपये, सुटे, मोजून ठेवले.
"पावती द्या. चौथं राहिलंय."
पावतीवर पत्ता लागतो.
तिनं खोलीचाच सांगितला.
मी लिहिला,
मोठ्या अक्षरांत.